फक्त करंट

दिरांनी मस्कतहून आणलेला तो डबा,
काचेला चिकटवायचा, तळहाताएवढा.
त्यातली बाई भांडुपला ‘बॅण्डप’ म्हणते,
पण पहाटे साडेतीनला कांजूर ते परळ
रक्ताच्या नळ्या घेऊन निघाल्यावर
मला सोबत तिचीच.
फोन लॅबवाल्यांचा. तो सारखा वाजतो.

मूळ वायर उंदरानं खाल्ली.
उंदीर मी कधी पाहिला नाही,
फक्त त्याची निवड पाहिली:
सीटचा फोम सोडून नेमकी तीच.

घरी ड्रॉवर उघडला. हा गुंता.
कुठली कॅमेऱ्याची, कुठली कशाची, कुणास ठाऊक.
जिचं तोंड बसलं ती लावली.
सायन सर्कलला पडद्यावरचे रस्ते गेले
आणि आलं एक चित्र:
छोटासा कॉम्प्युटर, त्याला जोडलेली शेपटी.
बाई गप्प.
आपण कुणाच्या तरी टेबलावर आहोत
असा तिचा समज झाला होता,
आणि मी सिमेंटच्या मिक्सरमागे, साठच्या स्पीडला.

दुसरी सिग्नलवर घेतली, शंभर रुपयांना.
लांबलचक, टोकाला निळा दिवा.
दिवा जळायचा, बॅटरी उतरायची.
दादर टीटीला डबा विझला.

लॅमिंग्टन रोडला जिन्याखाली मुस्तनसीरभाईंचं दुकान.
दुकान म्हणजे एक टेबल, एक भिंग,
आणि डोक्यावरून चढणाऱ्या-उतरणाऱ्या चपला.
त्यांनी वायर लगेच विकली नाही.
माझीच ड्रॉवरमधली घेतली, ब्लेडनं सोलली:
लाल, काळी, हिरवी, पांढरी.
“लाल-काळी खाना देते. हिरवी-पांढरी बोलते.
आणि ह्या तोंडात पाच पिना.
चौथी मोकळी राहिली ना बेन,
की डब्याला वाटतं समोर कॉम्प्युटर आहे,
आता हा तपासणार, आत काय काय ठेवलंय ते काढणार.
मग काम सोडून हिशेब द्यायला बसतो बिचारा.
चौथीला पाचवीशी, म्हणजे अर्थिंगला जोडून दिली,
की समजतो, हे फक्त द्यायला आलेत.
चला, रस्ता दाखवू.”

केवढ्याला, म्हटलं.
एकशे ऐंशी. आणि सॉकेटचं टोक एक अ‍ॅम्पिअरचं घ्या,
अर्ध्यावाल्यानं त्याचं पोट भरत नाही.

घासाघीस माझ्या अंगातच आहे. केली नाही.
मला निनाद दिसत होता.
जूनपासून नाहूरला मित्रांबरोबर राहतो.
रविवारी मी डबा घेऊन जाते
आणि तो हातात द्यायच्या आधीच
परीक्षेचा फॉर्म भरलास का, पैसे पुरतात का,
त्या दिवशी फोन उचलला ती कोण.
त्याचा चेहरा तेव्हा
रस्ते जाऊन चित्र आल्यासारखा.
हो. बघतो. आहेत.
मी समजत होते, बॅटरी कमजोर आहे.

ह्या रविवारी सोडे घातलेली वांगी नेली,
दारातच दिली, आणि जिना उतरायला लागले.
जीभ दातांत धरली होती, खोटं कशाला सांगू.
दुसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा वरून आवाज आला,
“आई, वांगी तिखट आहेत का गं?”
एवढंच.
त्यात काही नव्हतं.
मुलुंड चेकनाक्यापर्यंत मी दोनदा आठवून पाहिलं.

मुस्तनसीरभाईंच्या वायरीला नेलपॉलिश लावलंय,
ठिपका नाही, चांगला फुगीर थेंब,
पहाटेच्या अंधारात बोटाला लागेल असा.
बॅण्डपच्या बाई पुन्हा बोलतात,
परवा तर मला हिंदमाताला दुभाजकावर चढवणार होत्या.

बाकीच्या वायरी ड्रॉवरमध्ये तशाच आहेत.
फेकवत नाहीत.
त्यातली एखादी बोलणारी
कधीतरी लागेलच की.