मीच आहे का

वसमतच्या मोंढ्यात हळद उतरली
की माझा अंगठा माझ्या फोनला ओळखू येत नाही.
टेकवतो, तो थरथरून नाही म्हणतो.
तोष्णीवालांच्या आडतीवर बावीस वर्षं पट्ट्या लिहिल्या,
रेषांत पिवळं बसलंय, साबणाला दाद देत नाही.
मग आकडे टाकून उघडतो,
आपल्याच घरात खिडकीतून शिरल्यासारखा.

आणि रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
हाच फोन मला उठवून विचारतो,
तुम्ही साइन इन करायचा प्रयत्न करताय का?
खाली दोन बटणं.
होय, मीच आहे.
नाही, मी नाही.

मी तर उशाशी तांब्या ठेवून पडलो होतो.
नाही दाबलं.
चार मिनिटांनी पुन्हा.
नाही.
पुन्हा.
उंदीर हाकलावा
आणि तो कणगीच्या दुसऱ्या अंगानं यावा, तसं.

मोबाइलवाला मुजम्मिल म्हणाला, काका,
कुणीतरी नुसती कडी वाजवतंय, आत आलेलं नाही.
होय तेवढं दाबू नका.
संक्रांतीला नवा फोन घेतला तेव्हा
पासवर्ड त्यानंच नवा करून दिला होता.
आता आणखी एकदा बदलला.
बायकोचं नाव काढून वजनकाट्याचा नंबर टाकला,
तिला सांगितलं नाही.
रात्री पुन्हा.
या खेपेला खालची बारीक अक्षरंही वाचली: परभणीजवळ.

परभणीजवळ माझं वाईट चिंतणारे किती,
अंथरुणात मोजले.
पोत्यामागे कट्टी कापली म्हणून भांडलेला पोखर्णीचा एक.
एक चुलत मेव्हणा, त्याच्या लग्नात
आहेराचं पाकीट रिकामं गेलं होतं माझ्याकडून
(चुकून, देवाशपथ चुकून).
मग माझ्याकडे चोरण्यासारखं काय आहे ते मोजलं.
ते लवकर संपलं.

पुढं पुढं दोनला आपोआप जाग यायची.
मी नाही, मी नाही, इतक्यांदा सांगून झालं
की दिवसा कुणी मुनीमजी अशी हाक मारली
तरी ओ द्यायला क्षणभर उशीर व्हायचा.

रविवारी कौतिकआक्काचा फोन आला पिंगळीहून,
शेजारच्या पोराच्या मोबाइलवरून.
'तू देल्ला तो जुना फोन बिघडला बघ.
मायचं बोलणं हाय ना त्यात, ते उगडतच नाई.
रातच्याला लाइट आली की चार्जिंगला लावते अन् बसते.
ते म्हनतंय, तुमच्या दुसऱ्या फोनवर बगा.
आता दुसरा फोन म्या कुठून आणू?
म्हून आपली पुन्हा पाठवा, पुन्हा पाठवा, दाबायले.'

मायचं बोलणं म्हणजे अकरा सेकंद.
माय भांडी घासतीय, तोंड पलीकडं,
अन् म्हणतीय, मेल्या, बंद कर ते,
राख संपली, राख आण.
बस एवढंच.

सोमवारच्या पट्ट्या दुसऱ्यावर टाकून एसटी धरली.
आक्कानं फडक्यात गुंडाळलेला फोन काढला,
चष्मा नाकावर चढवला,
निळं बटण दाबलं.
माझा खिसा थरथरला.

आमच्या दोघांच्या गुडघ्यांत वीतभर अंतर,
आणि तो विचारत होता, परभणीजवळ, तुम्हीच का?
अंगठा टेकवला. नाही म्हणाला.
पुन्हा टेकवला.

आक्कानं हात ओढला,
पदराचं टोक थुंकीनं ओलं करून घासायला लागली,
शाळेत जाताना माझं तोंड पुसायची तशी,
कातडं निघेस्तोवर.
'निगत नाई की रे हे.'

राहू दे, म्हणालो,
आणि आकडे टाकायला घेतले.
दोनदा चुकलो.