मोचेमाडचा उतार

वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाताना मोचेमाडच्या उतारावर
पत्र्याची पाटी. होडीवर नाव घालतात तसल्या निळ्या अक्षरांत:
‘घुबडां आनि इतर जनावरां. माणशी वीस रुपये.
हॉर्न मारू नये, निजली आसत.’

रिक्षावाला आत यायला तयार नव्हता.
फणसाखाली रिक्षा लावून म्हणाला, तुमी जावन येवा.

इनास फर्नांडिस पूर्वी ट्रॉलरांना वेल्डिंग करायचा.
पिंजरे त्याच्याच हातचे, वर फाटक्या जाळ्यांचं छत,
त्यांना अजून बांगड्याचा वास.
अपोलिनबाई तिकिटं फाडतात
फेस्ताच्या सोडतीतली उरलेली.
माझ्या तिकिटामागे: पहिलं बक्षीस, मिक्सर.

त्यांचा आग्नेल पुढे, हातात काठी, बोलणं कमी.
आंधळी शेळी.
होडीचं फायबर लावून पाठ जोडलेलं कासव.
एक गाढव, ते इथे कसं आलं
हे घरात कुणालाच ठाऊक नाही.
वनखात्याचा कागद प्लास्टिकात, खिळ्याला.

शेवटी काजूच्या भट्टीची जुनी खोली.
आग्नेलने दार लोटलं आणि
आम्हीच कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलो असं वाटलं.
तीन पिंगळे एका काठीवर,
एसटी चुकलेल्या बायकांसारखे.
गव्हाणी घुबड, पिठात तोंड घालून आलेल्या पोरासारखं.
कोपऱ्यात शिंगांचं मोठं, एका पंखाचं.
दुसऱ्या बाजूला नुसताच खांदा.

विश्रामने दगड मारला तेव्हा तो तेरा वर्षांचा, मी नऊ.
शेंडा गेलेल्या माडावर ते बसलं होतं.
भिजल्या पोत्यावर काठी बसावी तसा आवाज आला.
आईने तोंडावर हात ठेवला.
घुबडाला दगड मारू नये रे, ते दगड पायात धरतं,
व्हाळावर नेतं, रात्रभर घासतं.
दगड झिजेल तसा मारणारा झिजतो.

विश्राम एकेचाळीसचा होऊन झिजला.
बांबोळीच्या इस्पितळात आठ महिने.
शेवटचं वजन एकोणचाळीस.
डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मी मान हलवली,
आणि खाटेखालून व्हाळ ऐकत राहिलो.

त्याची जुई आता माझ्या शेजारी उभी होती,
इनासचा वेल्डिंगचा हातमोजा कोपरापर्यंत चढवून.
तिला यातलं काही माहीत नाही.
तिच्या मनगटावर गव्हाणी घुबड येऊन बसलं
तेव्हा ती हसली, विश्रामसारखी, एका गालाने.

मी इनासला विचारलं. गंमत म्हणून विचारतात तसं:
ही दगड धरतात का हो पायात?

इनासने आधी माझ्याकडे बघितलं, मग पंख नसलेल्याकडे.
‘दगड खय धरतली? उंदीर गावलो तरी खूप.
हय चवदा आसत. तेतुरली अकरा दगडाची.’
मग पाण्याचं भांडं उचलून, विसळत:
‘मारतलो माणूस. आनि झिजतला ह्या.’

अठ्ठावीस वर्षं मी भावाचा किलो-किलो मोजला.
त्या माडाखाली दुसऱ्या दिवशी जाऊन बघावं,
एवढं मात्र सुचलं नाही.
पडलं होतं की उडालं,
की कुंपणाकडेने चालत गेलं, रात्रभर, पंख ओढत,
आमच्याच परसातून.

रिक्षात जुईने मूठ उघडली.
आग्नेलने दिलेली गोळी, घुबडाने ओकलेली,
करड्या केसांची, सुकलेली.
नखाने तिने ती उसवली.
आत उंदराची कवटी, नखाएवढा जबडा,
दात सगळे जागच्या जागी.
‘काका, बघ ना. काहीसुद्धा झिजलेलं नाही.’

रिक्षावाल्याने आरशातून बघितलं
आणि वळणावर
हॉर्न मारला नाही.