सकाळी शंभर

सकाळी शंभर असती, म्हणाल्या आशाताई,
अन् दुपारी जेवायला बसस्तोवर नऊ.
कामून उतरायलीय एवढी?
मी म्हणालो, ठेवा, बघतो.
किनवटच्या स्टँडासमोर माझं सात बाय पाचचं दुकान,
रोज दहा जण हेच विचारतात
आणि आठ जणांचा उजेड फुल्ल असतो.

सुनंदाबाई आड्यांचा उजेड कमीच होता.
लोकेशन बंद. ब्लूटूथ बंद.
अठरा ग्रुप, पाच आरोग्य खात्याचे,
दोन नणंदांचे, एक नुसता सुप्रभातचा.
गुलाबाची चारशे फुलं पुसली मी,
टॉर्चचं एक ॲप काढलं,
जे टॉर्च सोडून सगळं करत होतं,
मागल्या दारानं चालणारे झाडून सारे हाकलले.
मीटर लावला. बॅटरी फुगलेली नाही.
बोर्ड करंट खात नाही.
रात्रभर फोन माझ्या काउंटरवर,
सकाळी पंच्याण्णव!
दवाखान्याची पायरी दिसली की
ताप उतरलेल्या लेकरासारखा गप्प पडलेला.

चौथ्या दिवशी बाई पुन्हा दारात.
दादा, तुमच्याकडं नीट राहतंय,
माझ्याकडं आलं की मरतंय.
नवी बॅटरी टाकली, साडेसातशेची.
तीही जेवणाच्या वेळेला नऊ.
मग मला झोप येईना.
पैसे परत द्यावे लागतील म्हणून नाही.
(तेही होतंच.)

रविवारी स्कूटी काढली,
धावजी नाईक तांडा.
घाट उतरला की साग,
साग सरला की शाळा,
शाळेमागं वीस-पंचवीस घरं, कुठंतरी फोडणी.
सुनंदाबाई ताणकाट्याला बाळ लटकवून उभ्या,
बाळ पाय झाडतंय, काटा हलतोय,
आकडा काही ठरत नाही.
बसा म्हणाल्या. बसलो. चहा झाला, तीन तास गेले,
वेळ बघायला खिशातला माझा फोन काढला.
निघताना शंभर होता. कुणाला लावला नव्हता.
एकतीस.
आणि तव्यावरून काढल्यासारखा.

वर कोपऱ्यात एक काडी.
गेली.
आली.
गेली.

टॉवर घाटापलीकडं.
हा इथं खोलात बसून त्याला हाका मारतो,
ओ आली नाही की आणखी मोठ्यानं,
फोर-जीला, नाहीतर टू-जीला, मग पुन्हा फोर-जीला,
पिशवीत, पदराखाली, उशाशी, दिवसभर,
आणि आपण म्हणतो
मी तर हात पण लावला नव्हता.

विमान मोडवर टाका, म्हणालो.
बाईंनी बाळ आईच्या मांडीवर दिलं,
वजन वहीत लिहिलं, टोपण लावलं.
अन् फुलाबाईच्या सुनेला रात्री कळा आल्या
तर काय विमानानं नेऊ?

मग फोन टू-जीला बांधून टाकला. फक्त टू-जी.
बोलणं होईल, अडलं तर गाडी बोलावता येईल.
फोटो, फॉर्म, हजेरी घाटमाथ्यावर,
तिथं गेल्यावर सेटिंग बदलायचं, उतरताना परत.
तीनदा करून दाखवलं.
चौथ्यांदा त्यांनी मला करून दाखवलं,
माझ्यापेक्षा भरभर.

दुकानात येऊन वहीत लिहिलं:
बिघाड – डोंगर.
पार्ट – मिळत नाही.
मजुरी – दोन सीताफळं, एक कच्चं.
साडेसातशे परत केले. घेत नव्हत्या.

तेव्हापासून रोज संध्याकाळी घाटावरून
त्यांचा मेसेज येतो. नमस्कार नाही, काही नाही.
नुसता आकडा.
४४. ३९. ५२.
५२च्या दिवशी मी शेजारच्या रसवंतीवाल्याला सांगितलं,
तो म्हणाला, कशाचे बावन्न?

आज आठ वाजून गेले.
शटर अर्धं ओढलंय, कुलूप हातात.
कच्चं सीताफळ तांदळात ठेवलं होतं, ते पिकलं.
फोनवर चार काड्या उभ्या आहेत, भरगच्च,
बॅटरी अठ्ठ्याऐंशी,
आणि मी दर मिनिटाला स्क्रीन पेटवून
ती उतरवायलोय.