खाच

कागदावर उत्तर बरोबर होतं.
महाप्याच्या गाळ्यात, यंत्राच्या पडद्यावर
दरी पडली ती भलतीकडे,
आणि सुईएवढी अरुंद.
ऐरोलीच्या खाडीत भरती मोजणाऱ्या खांबाला
तेवढ्यानं भागणार नव्हतं.

"बोर्ड चार-चारचा सांगतात, देतात चार-सहाचा,"
मढवी म्हणाले. कडेचं तांबं केसभर सोललं,
दरी सरकली जागेवर. अरुंदच, पण.

मग टीव्हीच्या खोक्यातला फोम आणला,
ठिगळाच्या खाली बोटभर जाडीचा घातला,
"हिला जरा हवेवर बसवू."
आणि ऐन मध्यात
घोड्याच्या नालेएवढी खाच आखली पेन्सिलीनं.

मी हात धरला. तांबं काढून
आवाज वाढेल कसा?

"माझा बापूस दिव्याला जाली विनायचा.
जाल्यात काय आसतं, मॅडम?
भोकाच की. दोरा आपला त्यांना धरून."

ब्लेड फिरलं. चकचकीत कातरण
माझ्या वहीवर पडलं, नखाएवढं.
मी श्वास घेतला नाही, उगाच,
जणू माझ्या श्वासानं वारंवारता हलेल.

पडद्यावर दरी पसरत गेली,
सुईची झाली वाटी, वाटीचं घमेलं.
मढवींनी बघितलंही नाही,
ते फोमचा भुगा झाडत होते.

रात्री पावणेअकराला खांबाकडून पहिला आकडा आला:
पाणी दोन मीटर नऊ.
परत तोच. मग दोन मीटर दहा.

बिलात फोमचे चाळीस रुपये लावलेत.
खाचेचे काहीच नाहीत.
विचारलं तर म्हणाले,
"तिथं काय हाये, पैसं लावायला?"