तीन डिंपल खोल

त्या वर्षी मी एकक होते.
किलो असतो, लिटर असतो, तशी मी :
डिंपल मारबते, इयत्ता सातवी,
जिल्हा परिषद शाळा, येरंडटोला, साकोलीच्या पुढे.

तक्ता एकच, शाळा तीन.
एक जयगडच्या खाडीवरची, एक धडगावच्या डोंगरातली, एक आमची.
प्रश्न सगळ्यांना सारखा : तुमच्या गावचं पाणी किती खोल?
रेंज फक्त तलावाच्या पाळीवर, तिसऱ्या मोहाखाली.
म्हणून नाकाडे सरांचा मोबाईल फांदीच्या बेचक्यात
आणि खाली आम्ही अकरा जण, माना वर करून.

बाबांना विचारलं.
ते डोंग्यात बसून जाळ्याची गाठ दातांनी ओढत होते.
"दोन पुरुस, अन् वर छातीभर.
काहून वं? पानी का पळून चाललं?"
मी तेच भरलं रकान्यात.

संध्याकाळी धडगावहून गुंजा पावराची ओळ उगवली :
पुरुषच का? कोणता? किती उंच?
मुस्तकीमने जयगडहून आधी हसरं तोंड टाकलं,
मग लिहिलं, आमच्यात वाव मोजतात, दोन्ही हात पसरून.
पण अब्बांचे हात लांब, चाचांचे आखूड,
एकाच खाडीचे दोन तळ होतात.
गुंजा म्हणाली, माणूसच लागतो तर मुलगी घ्या.

शिवणाच्या टेपने मला मोजलं : एकशेचाळीस.
बांबूला पाठ लावून उभी केली, डोक्याशी खाच पाडली,
खाचेवर खाच.
जयगडला आणि धडगावला तेवढीच दोरी कापली.
सांडवा वाहायला लागला त्या दिवशी
बाबांनी बांबू तळाला टेकवला :
तलाव तीन डिंपल.
भरतीची खाडी नऊ.
गुंजाचा झरा अर्धी डिंपलही नाही,
तिने त्यापुढे लिहिलं, पण बारा महिने.

पुढच्या वर्षी तो बांबू
वांग्यांच्या कुंपणात गेला होता.
नवा आणला, पुन्हा मला उभं केलं, पुन्हा खाचा.
सांडवा तसाच वाहत होता, त्याच दगडावरून.
तलाव भरला पावणेतीन.

मी बांबू दोनदा मोजला.
सर चष्मा पुसत राहिले.
तक्त्यात आमचा रकाना आपोआप लाल झाला.

रात्री पाळीवर गेलो तेव्हा मुस्तकीमची ओळ येऊन पडली होती :
आमच्याकडची डिंपल अजून एकशेचाळीसच आहे.
तुमच्याकडची किती?

एकशेसत्तेचाळीस.

मग गुंजाच्या नावाचं हिरवं निशाण
रकान्यारकान्यातून सरकताना दिसलं,
सहाशे किलोमीटर लांब कुणीतरी ओठ हलवत पाढे म्हणतंय तसं.
थांबलं. मागे आलं. पुन्हा गेलं.
तिने माझी वाढ वजा केली
आणि तरी काही उरलं :
पावणेसोळा सेंटिमीटर.
हे मात्र तू नाहीस, तिने लिहिलं.
खाली दुसरं कुणीतरी वाढतंय.

गाळ, मी म्हणाले, मोठ्याने, मोहाखाली.

बाबांना सांगितलं तर म्हणाले,
"तळ मऊ लागते, दोन वर्सं झाली."
मग बोलले का नाही?
"बेशरमच्या झाडाले सांगू? इचारलं कोनी?"
दुसऱ्या दिवशी सरांनी त्यांना वर्गात बोलावलं.
ते दारातच उभे राहिले, बांबू घेऊन,
आणि बांबू आत मावेना.

आता मी दहावीत. एकशेअठ्ठावन्न.
आम्ही मीटरच लिहितो, पंचायतीच्या अर्जातही.
अर्ज गेला आहे. गाळ आहे तिथेच आहे.
पण मुस्तकीम सांगतो, त्याच्या शाळेत
ती जुनी दोरी अजून खिळ्याला आहे.
दर पौर्णिमेला नवी पोरं तिला शिसं बांधतात
आणि होडीतून खाली सोडतात,
सातवीतल्या मला.

मी समुद्र पाहिलेला नाही.
माझी उंची तेवढी जाऊन आली.