एका आसावर

डोलोन खिंडीच्या अलीकडे टोक्तोबेकचं दुकान.
एकच फाटलाय, एकच टायर दे, म्हणालो.
त्यानं माझंच नाणं मागून घेतलं,
जोडीच्या टायरच्या खाचेत उभं केलं.
जेमतेम कड बुडाली.

"एका आसावर एक नवा, एक झिजलेला?
बर्फात ब्रेक मारशील
अन् गाडी भलतीकडेच तोंड फिरवेल.
दोन्ही घे."

पैसे एकाचेच होते.

तो जॅक आणायला उठला, तेव्हा दिसलं:
उजवा पाय गुडघ्याखाली प्लास्टिकचा.
डाव्या बुटाचा तळ पार घासलेला,
उजवा अजून खोक्यातून काढल्यासारखा.
"बूट जोडीनंच विकतात,"
माझी नजर पकडत तो म्हणाला,
"झिजतात मात्र आपापले."

दुसरा टायर त्यानं उधारीवर चढवला.
नाणं परत दिलं नाही.