कोपऱ्यातला माणूस

लक्ष्मीपतीचं वजन आम्ही सुताच्या काट्यावर करायचो,
साखर पेठेत, सारडांच्या गोदामात,
दुकान उघडायच्या आधी.
अठ्ठ्याण्णव किलो, वर दोनशे ग्रॅम
खिशातल्या शेंगाचटणीच्या पुडीचे.
शेठ म्हणायचा, एवढ्या सुतात
पन्नासेक चादरी निघतील की बे.

अख्ख्या जिल्ह्यात त्याच्याशी लढायला कुणी नव्हतं.
एवढ्या वजनाची माणसं इथं कुस्ती करतात
नाहीतर खानावळ टाकतात.
म्हणून त्याला विमान लागलं.

बँकॉक, मनिला, दोनदा ताश्कंद,
आणि एक असं गाव ज्याचं नाव
पासपोर्टवरच्या शिक्क्यातही मला लागलं नाही.
बोलावणारे बोलवायचे ते हरायला.
असं कुणी म्हणायचं नाही.
करारात फेऱ्या असायच्या, ग्लोव्हचे औंस,
जायचं-यायचं तिकीट, दोन माणसांचं.

दुसरा माणूस मी.
मी आधी मागावर होतो. तुटलेला धागा
हाताला न जाणवेल अशा गाठीनं जोडायचा,
हीच माझी विद्या.
तीच त्याच्या मुठींना वापरली.
बोटांमधून, अंगठ्याखालून, मनगटाला तीन वेढे.
आवळलंय का?
नाही, अजून.
आवळलंय का?
मग तो काही बोलायचा नाही, म्हणजे झालं.

अकरा जिंकल्या, तेवीस हरल्या, एक बरोबरीत.
बरोबरीतली त्याला सगळ्यात जास्त लागली होती,
ती का, हे मला आजही नीट सांगता येत नाही.
तेवीसमधल्या चौदांवर
धाकट्या बहिणीचं नर्सिंग झालं,
दोनांवर दत्तनगरच्या घराचा पत्रा गेला, स्लॅब आला.
एकीचे पैसे एजंटानं बुडवले.

माझ्या खांद्यावर टॉवेल असायचा
अक्कलकोट रोडच्या कारखान्यातला,
परदेशी जाता जाता परत आलेला माल,
एका कडेला वीण चुकलेली.
त्याच्या अम्मानं ती कड दुमडून शिवली,
विड्यांची सुपं बाजूला सारून,
आणि मोजून दिले, सहा.

ताश्कंदला दुसऱ्या खेपेस
समोरचा पोरगा एकवीस वर्षांचा, पाय नाचरे.
पाचवी संपली तेव्हा लक्ष्मीपती
त्या पोराच्या कोपऱ्यात जाऊन बसू लागला.
मी ओढून आणला. डोक्यावर पाणी ओतलं.
तो माझ्याकडं बघून तेलुगूत म्हणाला,
अम्मा, माग बंद कर, लई आवाज होतोय.

सहाव्या फेरीचे चाळीस सेकंद
मी उभा होतो, हे मला मान्य आहे.
चाळीस सेकंद मी आठ फेऱ्यांच्या पैशाचा हिशेब केला.

टॉवेल हवेत उलगडतो हे ठाऊक नव्हतं.
वाटायचं, दगडासारखा पडेल.
पण तो पसरला, सावकाश,
गच्चीवर कुणी चादर झटकावी तसा,
आणि पंचाच्या बुटावर पडला.

आठ महिने तो माझ्याशी बोलला नाही.
कन्ना चौकात समोरून यायचा,
अख्खा रस्ता भरून, आणि मी नसल्यासारखा जायचा.
लोक सांगायचे, कारखान्यात गठ्ठे उचलतो,
दोघांचं काम एकटा,
आणि दुपारी कधीकधी
जेवणाचा डबा कुठं ठेवला ते विसरतो.

मग चैत्रात एकदा, पारा त्रेचाळीसला,
दाराशी अंधार झाला. तोच.
पाणी मागितलं नाही. उंबऱ्यावर बसला,
तळवे गुडघ्यांवर उलटे ठेवून,
पट्टी बांधून घ्यायला बसायचा तसे.
मी बघितलं, उजवा किंचित थरथरत होता.
त्यानं बघितलं की मी बघितलं.

टॉवेल कुठाय?
कुठला?
तिथला.
तिथंच राहिला, अन्ना.

बराच वेळ बाजूच्या घरातले माग चालत राहिले.
मग तो म्हणाला,
अम्मा विचारतीय. सहा दिले होते,
पाचच परत आले म्हणती.